मंगळावरचा राब

आमच्या घरमालकांनी मला मंगळावर न्यायचं ठरवलं ते खोली भाड्याने द्यायच्याही आधी.

आम्ही नवराबायको खोली बघायला गेलो होतो. मालक ओटीवरच्या झोपाळ्यावर बसलेले. अंगात बनियन, खाली पांढरा लेंगा, गळ्यात बोटभर जाडीची सोन्याची साखळी. नवऱ्याने आपण गोडाऊनला सुपरवायझर असल्याचं सांगितलं, मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते म्हणून सांगितलं. त्यातलं त्यांनी काहीही ऐकलं नाही.

"तुमाला काय दुरुस्त करता येतं?" त्यांनी विचारलं.

नवरा माझ्याकडे बघायला लागला. त्याला काहीही दुरुस्त करता येत नाही हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मी म्हटलं, "कुकर. मिक्सर, थोडाफार."

"चालंल," मालक म्हणाले. "तुमाला नेनार. ह्यांचं बगू नंतर."

कुठे नेणार, हे विचारायचा धीर आम्हाला झाला नाही. तेवढ्यात मालकीणबाई पाण्याचे ग्लास घेऊन बाहेर आल्या. आमची तोंडं बघून त्याच म्हणाल्या, "मंगलावर. घाबरू नको बाय, अजून रस्ता झाला न्हाय."

मी मूळची कराडकडची. भिवंडीत येताना लूमचा खडखडाट, गटारं आणि ट्रॅफिक यांची मनाची तयारी करून आले होते. मंगळाची केली नव्हती. पण खोली हवेशीर होती, आणि काकू, म्हणजे मालकीणबाई, पहिल्याच दिवशी आवडल्या होत्या. आम्ही राहिलो.

पहिल्या रविवारी काकांनी मला गच्चीवर नेलं. गाव बायपासला लागून. गाव म्हणायला जुनं देऊळ, तळं आणि काकांसारख्यांचे संगमरवरी मजले एवढंच उरलं होतं. बाकी नजर जाईल तिथवर गोडाऊनांचे पत्रे. सगळ्या देशाने मोबाइलवरून मागवलेल्या वस्तू त्या पत्र्यांखाली येऊन पडतात आणि पुढे निघून जातात. मधल्या रस्त्यांवरून कंटेनर चालले होते, आणि भरावासाठी आणलेल्या मुरुमाची लाल धूळ लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसत होती.

"बगा टीचरबाय," काका म्हणाले. "पानी टँकरनं येतं. भाजी टेम्पोनं येते. मानसं बसनं येतात. इथं जे हाय त्यातलं इथलं काय हाय? लाल धूल! आपन मंगलावर कवाच येऊन बसलोय. कोनी सांगितलं न्हाय एवढंच."

मला हसू आलं आणि ते अर्ध्यात थांबलं. त्यांच्या वाडवडिलांची खाडीकाठी भातशेती होती, मिठागर होतं. काकांनी ऐन उमेदीत त्यातला एकेक तुकडा गोडाऊनच्या गाळ्यांना दिला. पत्र्यांच्या त्या समुद्रातले बरेचसे पत्रे त्यांचेच होते. हा मंगळ त्यांनी स्वतःच्या हाताने बांधला होता, आणि हे ते कोणापासून लपवत नसत. "मीच केलं," म्हणायचे. "म्हनून मना म्हाईत हाय तिथं काय काय लागतं."

साठी उलटल्यावर म्हाताऱ्याला मंगळ लागला, असं गाव म्हणायचं. त्यांचा एक गाळा रिकामा पडला तेव्हा त्यांनी तो परत भाड्याने दिला नाही. त्याच्या सिमेंटच्या जमिनीवर चुन्याच्या फकीने अख्खी वसाहत आखली. मला तिथून चालवत नेलं. हा भात. हे मासळीचं तळं, कारण मासळीशिवाय माणूस जगतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. ही सगळ्यांची शाळा. "तुमी इथं शिकवनार." मी विचारलं, "आणि तुम्ही कुठे?" ते चालत चालत कोपऱ्यात गेले आणि चुन्याच्या दोन रेघांमध्ये उभे राहिले. "मी इथं. दारावर."

दार हा त्यांचा खास विषय होता. त्यांच्या वसाहतीला एकामागे एक दोन दारं होती, आणि पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. "दार उघाडला का मेला," हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकू यायचं याला सुमार नव्हता. सवय व्हावी म्हणून घराच्या प्रवेशालाही त्यांनी दोन दारं करून घेतली. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन त्या दोन दारांच्या मध्ये उभा राहायचा आणि आतून काका ओरडायचे, "मागचा लाव आदी!" फोन उचलला की हॅलो नाही. "बोला, हवा हाय ना?" समोरचा नवा असला तर गोंधळायचा. जुना असला तर म्हणायचा, "हाय काका, हाय," आणि मग कामाचं बोलायचा.

विस्तवाशी त्यांचं वैर होतं. आग हवा खाते, म्हणून वसाहतीत आग नाही. भेटेल त्याच्या खिशातून काडेपेटी काढून घ्यायचे आणि स्वतःच्या खिशात टाकायचे. विडी न ओढणाऱ्या या माणसाचा खिसा सदा काडेपेट्यांनी फुगलेला असायचा. काकूंच्या देवापुढचा दिवासुद्धा सुटला नाही. धामणकर नाक्यावरून त्यांनी सेलवर चालणारी पणती आणली. काकू म्हणाल्या, "देवाला काय टॉर्च दाखवू?" काका बाहेर गेले की त्या साधी समई लावायच्या, आणि मी जिन्यात उभी राहून पाळत ठेवायची. आमची दोघींची मैत्री झाली ती या पाळतीवर.

वजनाचंही तसंच. मंगळावर नेताना किलोकिलोचा विचार करावा लागतो हे त्यांनी मोबाइलवर कुठेतरी पाहिलं, आणि गोडाऊनचा वजनकाटा घरात आणला. भांडी तोलली, गाद्या तोलल्या, एक दिवस देवघरापर्यंत पोचले. एवढं पितळ नेता येणार नाही, एक देव निवडा, म्हणाले. काकूंनी हातातलं काम ठेवलं, पदर खोचला आणि स्वतःच काट्यावर जाऊन बसल्या. "मना पन तोला. आनि सांगा, मी जड का देव जड." काटा त्याच दिवशी गोडाऊनला परत गेला.

मेलेल्या माणसाचं काय, हे मी एकदा विचारलं होतं. मला वाटलं होतं यावर ते गप्प होतील. त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "भातात पुरायचा. आग तं करता येनार न्हाय. आनि तिथं मेलेला मानूस पन वाया घालवायचा न्हाय, टीचरबाय." मग खालच्या आवाजात म्हणाले, "मना इथं पन तसाच पायजे होता. पन इथं भात ऱ्हायला कुठं?"

भात राहिला होता, एका ठिकाणी. गाळ्यांच्या मागे, खाडीच्या बाजूला, एक शेत. बांध शाबूत, कोपऱ्यात एक रानभेंडीचं जुनं झाड. चारी बाजूंनी पत्र्याच्या भिंती, आणि मध्ये ते खोलगट हिरवं. काकू दर पावसाळ्यात दोन बायका घेऊन तिथे लावणी करायच्या. ते शेत मुरुमाने भरून तिथे मोठा गाळा काढायचं त्यांच्या मुलाने ठरवलं होतं.

मुलाबद्दल बरं लिहायला हवं, कारण पुढे जे झालं त्यावरून तो दुष्ट वाटेल. तसा तो नव्हता. गाळ्यांचं सगळं तोच बघायचा, आईला दवाखान्यात न्यायचा, आमच्या खोलीचा नळ गळला तर स्वतः प्लंबर घेऊन यायचा. बापाचं वेड तो हसून चालवून घ्यायचा. ते हसणं बंद झालं ते काकांच्या पुतण्याच्या हळदीत.

हळद दणक्यात होती. बेंजो, डीजे, मटणाची पातेली. काका खुर्ची टाकून बसले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नेणार की नाही ते सांगत होते. हा त्यांचा नेहमीचा खेळ. वायरमनला नेणार. सुईणीला आधी नेणार. नगरसेवकाला नाही. बिल्डर एकही नाही. लोक मुद्दाम पुढे येऊन विचारत होते आणि खिदळत होते. कोणीतरी म्हणालं, "मंग काका, लेकाला तं नेनारच!"

मुलगा तिथेच होता. दोन्ही हातांत वाढायला घेतलेली ताटं.

"न्हाय," काका म्हणाले. "त्यो पहिल्याच दिशी दार विकंल."

सगळा मांडव हसला. मुलगाही हसला. मग त्याने ती ताटं सांभाळून, एक थेंब रस्सा न सांडता, टेबलावर ठेवली आणि मोटरसायकल काढून निघून गेला. काकूंनी काकांकडे जसं पाहिलं ते मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून आवाज आले म्हणून मी जिन्यात आले. मुलगा झोपाळ्यासमोर उभा होता.

"मंगलावर शेती करणार ना तुमी? मग इथलं शेत कशाला पायजे?"

"बी तिथनंच न्यायचा हाय," काका म्हणाले.

"नुसत्या चुन्याच्या रेघा मारता. करून दाखवा. त्या गाल्यात बंद होऊन ऱ्हावा, आनि एक पीक काढा. दार न उघडता. काढलंत तर त्या शेतात मी एक डंपर टाकणार नाय. शब्द देतो."

काका झोपाळा थांबवून बसले. "आनि दार उघाडला तं?"

"तर भरणार."

"दोगं पन येडं," काकू आतून म्हणाल्या. पण काकांचा चेहरा एकदम उजळला होता. इतकी वर्षं सगळे हसत होते. कोणीतरी पहिल्यांदाच खरं धरलं होतं, आणि तेही लेकाने.

चैत्रात नारळ फोडून ते आत गेले. गाळ्याचा एक भाग पत्रा आणि प्लॅस्टिक लावून बंद केला होता. वर ऊन येईल असा पारदर्शक पत्रा, दोन दारं, आणि एक काच, जिच्यातून आतलं दिसायचं. आत त्या शेतातलीच माती, केळी, अळू, शेवाळाच्या टाक्या, मासळीचं टाकं. खत म्हणून शेणी आणि सुका पालापेंढा. सुकट इतकी की काच बंद असूनही मला वास आल्यासारखं वाटायचं. काकू बरोबर गेल्या नाहीत. "माज्याकडं पाव्हने येतात," म्हणाल्या. पण रोज दुपारी त्या काचेबाहेर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायच्या आणि फोनवर त्यांच्याशी भांडत भाजी निवडायच्या.

कॉलेजातून आल्यावर मीही जायची. एवढ्या पाल्याच्या हवेवर एक माणूस जगत नसतो, हे मला ठाऊक होतं. काका जगत होते कारण ते खोकं फटीफटीतून गळत होतं, आणि मी मनातून त्या फटींची आभारी होते. पण ते काकांच्याही लक्षात आलं. त्यांनी लूमवरून मागवून ठेवलेल्या सुताचे बारीक दोरे प्रत्येक सांध्यावर टांगले. जिथला दोरा हलेल तिथे फट. ती सापडली की लगेच लांबीचा लगदा भरून बुजवायची. आठवड्यागणिक हलणारे दोरे कमी होत गेले. एक दिवस मला काचेजवळ बोलावून त्यांनी अभिमानाने सगळीकडे बोट फिरवलं.

"बगा टीचरबाय. एक पन दोरा हालत न्हाय."

"काका, एखादा हलू द्या की," मी म्हटलं.

"मंग त्यो मंगल कसला?"

त्यांचं बोलणं तेव्हा जड झालं होतं. डोकं दुखतं म्हणायचे. मी मुलाला सांगितलं. तो त्याच संध्याकाळी आला, काचेवर हात टेकून उभा राहिला. "बाबा, बास झाला. या बाहेर. तुमी जिंकलात समजा."

"शेत?" काकांनी फोनवर विचारलं.

मुलाने काचेवरचा हात काढून घेतला. नवा गाळा घेणाऱ्या पार्टीशी बोलणी पक्की झाली होती. "शेताचं बघू नंतर," तो म्हणाला. काका वळले आणि केळीला पाणी घालायला गेले.

खरं संकट हवेचं नव्हतं, भाताचं होतं. रोपं उगवायची, दोन पानं काढायची आणि पिवळी पडून कुजायची. दुसऱ्यांदा पेरलं, तेही तसंच गेलं. मी सांगितलं, पाणी कमी करा, माती उन्हात पसरा, चाळून घ्या. त्यांनी सगळं केलं. मग एक दिवस म्हणाले, "राबाशिवाय भात न्हाय होत."

राब मला माहीत नव्हता, आमच्याकडे तसा करत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "रोपाची जागा भाजून घ्यायची. पेरायच्या आदी."

"आत जाळ करू नका बरं का काका," मी म्हटलं.

ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. "मी तिला दिवा लावू देत न्हाय, टीचरबाय. मी जाल करनार?"

माझा विश्वास बसला. बसणारच. त्या माणसाइतका विस्तवाला घाबरणारा माणूस मी पाहिला नव्हता.

काकूंचे गुडघे धरले होते. रविवारी अकलोलीला जाऊन गरम कुंडात पाय शेकून ये, असा काकांनीच धोशा लावला, आणि मला सोबत पाठवलं. आम्ही रिक्षा केली. अंबाडी गाव मागे पडलं, गाळे संपले आणि दोन्ही अंगाला शेतं लागली. शेताशेतातून धूर निघत होता. जाळ कुठेच नाही, नुसता जमिनीला धरून चाललेला पांढरा धूर. रिक्षात त्याचा वास भरला.

"राब भाजतात," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा एकदम तरुण झाला. "खाली शेन, मंग पाला, मंग पेंढा, वरून माती पसरायची, आनि वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवायचा. हलूहलू जलला पायजे. भडकला तं वाया. ह्यांच्या हातचा राब मंजे बगत ऱ्हावा असा. लोकं बोलवायला यायची ह्यांना."

कुंडावर त्या पाय सोडून बसल्या. गरम पाण्यात पाय, डोळे मिटलेले. मीही जरा सैलावले. मग त्यांनी डोळे उघडले आणि समोर बघत विचारलं, "आत शेनी किती न्हेल्या गो ह्यांनी?"

त्यांनी फोन लावला. वाजला, वाजत राहिला. परत लावला. तिसऱ्या वेळेला त्या ओल्या पायांनी रिक्षाकडे धावत होत्या, गुडघ्यांचं सगळं विसरून. मी मुलाला फोन केला. तो धामणकर नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकला होता, गाडी तिथेच सोडून तो कोणाच्या तरी स्कूटरवर बसला. परतीच्या वाटेवर तेच राब दोन्ही बाजूंना धुमसत होते. काकूंनी एकदाही बाहेर पाहिलं नाही.

काच पांढरी झाली होती. आतलं काही दिसत नव्हतं.

काकूंनी बाहेरचं दार ओढलं. ते उघडलं. आतलं ढकललं. तेही उघडलं. कडी नव्हतीच. कडी काकांनीच बसवू दिली नव्हती, वसाहतीत आतून कोणी अडकायला नको म्हणून. धूर आमच्या अंगावर आला. मागून मुलगा आला, शर्ट तोंडाला गुंडाळून आत शिरला.

काका राबाच्या कडेला बसलेले सापडले. उकिडवे, केळीच्या बुंध्याला टेकून, हातात पाला सारखा करायची काठी. दाराकडे पाठ. खिशात काडेपेट्या. दार तिथून हाकेइतकंही लांब नव्हतं, उठून हात लांब केला असता तरी पुरे होतं.

असल्या धुरात माणसाला काही कळत नाही, बसल्या जागी गुंगी येते, असं डॉक्टर म्हणाले. असेल. मी त्याच विषयाची शिक्षिका, मला ते कळतं. पण मला काकाही कळत होते. त्यांच्या हाताला भात माहीत होता, आणि हाताने भातासाठी जे करायचं ते केलं. आणि डोळे चुरचुरले, छाती भरून आली तेव्हा उठून दाराकडे जावं, हे त्यांच्या मनातही आलं नसणार. त्यांच्या लेखी दाराबाहेर हवाच नव्हती. मला त्यांचा इतका राग आला, आणि अजूनही येतो, की कोणी त्यांच्यावर हसलं तर मात्र मी भांडायला उठते.

त्यांना लाकडांवर जाळलं. भातात पुरा असं सांगायची तिथे कोणाची छाती नव्हती.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवले. मुलगा सोवळं नेसून, डोकं भादरलेला, हात जोडून उभा होता. मला माहीत होतं तो कशाची वाट बघत होता. कावळा अडला की माणसाची राहिलेली इच्छा बोलायची असते. सगळ्या गावाला ती इच्छा ठाऊक होती. शेत भरणार नाही, हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते, मी पाहिले. म्हाताऱ्या बायकांनी पदर सावरले.

पिंड ठेवून हात बाजूला होतो न होतो तोच कावळा आला आणि शिवला.

लोक म्हणाले, तृप्त गेला माणूस. काही राहिलं नाही मागे. मुलाने डोळे मिटून श्वास सोडला. काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या मोठ्याने म्हणाल्या, "कावल्याला भूक लागली व्हती. त्याला काय इचारता?"

कोणी ऐकून घेतलं नाही. बाईचं दुःख म्हणून सोडून दिलं.

तेरावं झाल्यावर काकू गाळ्यात गेल्या. दोन्ही दारं त्यांनी बिजागऱ्यांतून काढून घेतली आणि बाहेर भिंतीला टेकवून ठेवली. प्लॅस्टिक फाडलं. सांध्यावरचे दोरे वाऱ्याने हलायला लागले. मग त्या काळ्या, भाजलेल्या वाफ्यात त्यांनी भात पेरला. मी विचारलं, काकू, आता कशाला? "भाजलेला राब मोकला टाकत न्हाय, बाय."

रोप उगवलं. आधी दोनदा पिवळं पडून गेलेलं तेच बियाणं, तीच माती. या वेळी असं हिरवं आलं की बघताना डोळ्यात पाणी यायचं. राबाशिवाय भात होत नाही, हे त्यांचं खरं होतं. मला ते खोटं ठरायला हवं होतं.

आषाढात चार दिवस पाऊस थांबला आणि डंपर आले. शेताच्या तोंडाशी रांगेत उभे राहिले. मुलगा पहिल्या डंपरशेजारी होता. काकू डोक्यावर रोपांच्या जुड्या घेऊन आल्या, मी मागे एक पाटी घेऊन. त्याने आईला पाहिलं आणि तो पुढे झाला.

"आय, नको. मी शब्द मोडला नाय. पीक निघालं नाय त्यांचं."

"मी काय बोलले तुला?"

"मला नेणार नव्हते ते." त्याचा आवाज फाटला. "सगल्या गावाला नेणार होते. मला नाय. मंग मला इथंच ऱ्हायचंय ना? इथं ऱ्हायचं तर हेच करावं लागतं."

काकूंनी जुड्या खाली ठेवल्या. त्याच्या गालावरून ओल्या हाताने एकदा हात फिरवला. पदराच्या गाठीतून त्यांनी एक पुरचुंडी काढली. सगळी राख त्यांनी खाडीत सोडली नव्हती. मूठभर ठेवली होती, ती त्यांनी बांधाच्या आत चिखलात टाकली. मग साडी गुडघ्यापर्यंत खोचून त्या उतरल्या आणि लावणीला लागल्या.

मीही उतरले. चिखल पोटरीपर्यंत आला. मी आयुष्यात कधी लावणी केली नव्हती. काकू वाकून उलट्या पावलांनी मागे सरकत होत्या, हात मशीनसारखे चालले होते. मध्येच माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वाकडं लावतेस, बाय." मी म्हटलं, "मला दुरुस्ती फक्त कुकरची येते." त्या हसल्या. काका गेल्यानंतरचं ते पहिलं हसणं. मग दोघीही वाकूनच रडलो, कारण हात चिखलाचे होते आणि डोळे पुसता येत नव्हते.

डंपरचा ड्रायव्हर गाडीतून उतरून बांधावर बसला होता. "शेठ, क्या करना है?" त्याने दोनदा विचारलं. मुलाने फक्त इंजिनं बंद करायला लावली. सगळं शेत लावून होईपर्यंत रांगेतला एकही डंपर हलला नाही.

ऊन कलताना काकू बाहेर आल्या. बांधावरच्या पाण्यात पाय धुतले, हात धुतले, खोचलेली साडी खाली सोडली. वळून एकदा शेताकडे पाहिलं. कोवळी रोपं पाण्यात उभी होती, वाऱ्याने सगळी एका बाजूला वाकत होती. मग त्या मुलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"झाली लावनी," त्या म्हणाल्या. "भर आता."

तो त्या रोपांकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, नाही भरणार. ड्रायव्हरलाही तसंच वाटलं असावं, कारण तो तंबाखू मळायला लागला होता. मग मुलाने खाली मान घालून हात वर केला, आणि पहिला डंपर मागे मागे येत बांधाशी लागला.

आता तिथे गाळा आहे, आजूबाजूच्या गाळ्यांसारखाच. माझा नवरा तिथेच कामाला लागला. डबा द्यायला गेले की मी दारात उभी राहते, आत जात नाही. पॅलेट सरकत असतात, स्कॅनर वाजत असतात, कुठून कुठून आलेली खोकी कुठे कुठे निघालेली असतात. नवरा विचारतो, आत का येत नाहीस? मी काहीतरी सांगते. त्या सिमेंटच्या खाली लावणी आहे. सगळ्या ओळी सरळ आहेत, एक वाकडी आहे. ती माझी.